क्योतोमधील छायाचित्रण : ठिकाणांचा क्रम, वेळ आणि नेहमी होणाऱ्या चुका

जपानमधील क्योतो शहरातून परतलेल्या प्रवाशांची छायाचित्रे पाहिली की एकच तक्रार वारंवार ऐकू येते : जागा अप्रतिम होती, पण चित्रात माणसांचीच डोकी आली, आकाश पांढरे पडले आणि देऊळ काळवंडले. ही तक्रार कॅमेऱ्याची नसते. ठिकाणे ज्या क्रमाने पाहिली त्या क्रमाची ती तक्रार असते. यादीतले सर्वांत प्रसिद्ध ठिकाण सकाळी पहिले घ्यायचे आणि उरलेली नकाशावर जवळ दिसतील तशी जोडायची, अशी आखणी बहुतेक जण करतात आणि तिथेच गणित चुकते. पुढील टप्पे याच क्रमाने पाळावेत. विशेषतः पहिले तीन टप्पे घरून निघण्यापूर्वीच पूर्ण झालेले असावेत.

## टप्पा १ : हंगाम आणि सूर्याच्या वेळा ठरवून घेणे

साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो, तर मेपलची लाली नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत टिकते. या दोन्ही काळांत रंग उत्तम मिळतात आणि गर्दीही सर्वाधिक असते. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो. बरेच जण तो टाळतात, परंतु शेवाळाच्या बागा, बांबूचे वन आणि दगडी गल्ल्या यांच्यासाठी हा काळ वाईट नाही. एप्रिलअखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या जपानी सुट्ट्या आणि ऑगस्टच्या मध्यातील ओबोन या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाचे दिवस मात्र शक्य असल्यास टाळावेत.

यानंतर सूर्याच्या वेळा लिहून काढाव्यात. महाराष्ट्रातील प्रवासी नेमका इथे फसतो, कारण आपल्याकडे ऋतू बदलला तरी सूर्योदयाची वेळ फार हलत नाही. क्योतोत जूनच्या उत्तरार्धात सूर्य पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात सातला. एप्रिलच्या आरंभी तो पावणेसहाच्या आत वर येतो. नोव्हेंबरअखेर सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो आणि दुपारी पावणेपाचलाच सूर्यास्त होतो. मेपलच्या हंगामात दुपारचे जेवण उरकून तीन वाजता बाहेर पडलेल्या माणसाच्या हाती जेमतेम पावणेदोन तासांचा उजेड उरतो, आणि तोही डोंगराच्या सावलीने आणखी कमी होतो.

ही सावली समजून घेणे आवश्यक आहे. क्योतो पूर्व, उत्तर आणि पश्चिम अशा तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले असून केवळ दक्षिणेकडे मोकळे आहे. पूर्वेकडील हिगाशियामाच्या पायथ्याशी ऊन पंचांगातील सूर्योदयापेक्षा उशिरा पोहोचते, आणि पश्चिमेकडील आराशियामात ते सूर्यास्ताच्या बरेच आधी नाहीसे होते. म्हणून आराशियामा संध्याकाळी ठेवणे ही आखणीतली सर्वांत महागात पडणारी चूक ठरते.

तपासणी : प्रवासाच्या तारखांसमोर सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा कागदावर लिहिलेल्या आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## टप्पा २ : ठिकाणांची वर्गवारी

प्रत्येक ठिकाणाला एकच प्रश्न विचारावा : इथली गर्दी माझ्या चौकटीत येते, की माझ्यासोबत कॅमेऱ्याच्या मागे उभी राहते? संपूर्ण आखणी या प्रश्नावर उभी आहे.

दक्षिणेकडील फुशिमी इनारी मंदिराच्या तोरी कमानी, आराशियामातील बांबूचे वन, निनेनझाका आणि सान्नेनझाका या चढणीच्या गल्ल्या या ठिकाणी माणसे थेट चित्राच्या मधोमध चालत असतात. ही ठिकाणे दिवसरात्र खुली आहेत आणि त्यांना तिकीट नाही. पहाट केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवावी.

याउलट किन्काकुजी, म्हणजे सोनेरी मंडपाचे देऊळ, तळ्याच्या पलीकडे उभे आहे. आपण काठावरून पाहतो आणि सर्व गर्दी आपल्या बाजूला असते. समोर मंडप, पाणी आणि झाडे यांखेरीज काही नसते. र्‍योआनजी मंदिराच्या दगडी बागेत पाऊल टाकण्यास कोणालाच परवानगी नाही, त्यामुळे तिथेही चौकट मोकळीच राहते. अशा ठिकाणी कठड्याजवळ जागा मिळेपर्यंत थोडे थांबावे लागते, इतकेच. तरीही असंख्य प्रवासी आपली सर्वांत मौल्यवान सकाळ किन्काकुजीच्या दारावरील रांगेत घालवतात आणि बांबूच्या वनात अकरा वाजता पोहोचतात.

तिसरा वर्ग संध्याकाळच्या दिव्यांचा. त्यात गिऑन या जुन्या वस्तीतील शिराकावा ओढ्याचा काठ आणि कामो नदीचा परिसर येतो.

वर्गवारी झाल्यावर नकाशा हाती घ्यावा आणि एका दिवशी शहराची एकच बाजू ठेवावी. सकाळी आराशियामा, दुपारी पूर्वेकडील कियोमिझुदेरा मंदिर आणि संध्याकाळी फुशिमी इनारी अशी आखणी कागदावर शक्य वाटते. प्रत्यक्षात उजेडाचे उत्तम तास बसमध्ये उभे राहून संपतात. तीन पूर्ण दिवस असतील तर एक दक्षिण व पूर्वेसाठी, एक पश्चिमेसाठी आणि एक उत्तर-पश्चिमेसाठी, म्हणजे किन्काकुजीच्या परिसरासाठी, द्यावा. दोनच दिवस असतील तर उत्तर-पश्चिम दुसऱ्या दिवसाच्या दुपारी बसवावी, पहाटेचे तास मात्र कापू नयेत.

## टप्पा ३ : साहित्य आणि पूर्वतयारी

ट्रायपॉड घरी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. किन्काकुजी आणि कियोमिझुदेरासह अनेक मंदिरांत त्याला मनाई आहे, आणि अरुंद गल्लीत तो इतरांची वाट अडवतो. त्याऐवजी स्थिरीकरण असलेली लेन्स किंवा कॅमेरा घ्यावा. एक रुंद कोनाची आणि एक दूरचे जवळ आणणारी, ७० मिमीच्या पुढे जाणारी, अशा दोन लेन्स पुरतात. मोबाईलनेच काढणार असाल तर दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारी स्वतंत्र लेन्स असलेला फोन क्योतोत फार उपयोगी पडतो. पोलरायझर हा लेन्सवर बसवायचा फिल्टर अवश्य न्यावा, कारण ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी तो कापतो. ड्रोन नेऊ नये. १०० ग्रॅम आणि त्याहून जड ड्रोनची जपानमध्ये नोंदणी करावी लागते, दाट वस्तीवर उडवण्यासाठी वेगळी परवानगी लागते आणि मंदिरांच्या आवारात तो चालवू देत नाहीत.

जपानमध्ये वीज १०० व्होल्टची असते आणि प्लगला दोन चपट्या पट्ट्या असतात. चार्जरवर १००–२४० असे छापलेले असेल तर केवळ पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो.

पहाटे साडेपाचला निघायचे तर उपाहारगृहे बंद असतात. चोवीस तास चालणारी छोटी दुकाने उघडी असली तरी तिथल्या बहुतेक तयार पदार्थांत मासळीचा अंश असतो. शाकाहारी व्यक्तींनी दशम्या, लाडू किंवा सुका खाऊ आदल्या रात्रीच पिशवीत भरावा. रस्त्यावर कचरापेट्या क्वचितच सापडतात, म्हणून एक रिकामी पिशवीही घ्यावी.

सावधान : उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणि हिवाळ्यात थंडीतून उबदार खोलीत जाताना लेन्सवर दव धरते. कॅमेरा घट्ट बंद पिशवीत ठेवून वीस-पंचवीस मिनिटे तसाच राहू द्यावा. घाईघाईने पुसल्यास डाग पसरतात आणि आतला ओलावा तसाच राहतो.

## टप्पा ४ : फुशिमी इनारी, पहाटे

क्योतो स्थानकावरून जेआर (जपान रेल्वे) नारा मार्गावरील इनारी हे दुसरे स्थानक असून प्रवास सुमारे पाच मिनिटांचा आहे. या मार्गावरील जलद गाडी इनारीला थांबत नाही, त्यामुळे प्रत्येक स्थानकावर थांबणारी साधी गाडीच पकडावी. स्थानकाबाहेर पडताच मंदिराची मोठी कमान समोर दिसते.

सूर्योदयाच्या वेळी मंदिरात असावे. मुख्य सभामंडपाजवळ वेळ न घालवता थेट सेनबोन तोरी नावाच्या दाट कमानींकडे जावे. तिथे वाट दोन समांतर बोगद्यांत विभागली जाते. पहिली काही मिनिटे केवळ पाहावे आणि वाट जिथे वळते अशी जागा शोधावी, कारण वळणापलीकडील माणसे कमानींच्या आड लपतात. सरळ पट्ट्यात रिकामी चौकट मिळवणे पहाटेही कठीण असते.

कमानी देणाऱ्यांची नावे आणि तारखा खांबांच्या मागील बाजूस कोरलेल्या असतात. डोंगर चढताना समोर पाहिले तर खांब कोरे, केशरी दिसतात. मागे वळून उताराकडे पाहिले तर काळी अक्षरे दिसतात. दोन्ही चित्रे वेगळी आहेत आणि दोन्ही घ्यावीत. ७० ते १०० मिमीच्या लेन्सने कमानी एकमेकींना चिकटल्यासारख्या दाट दिसतात, तर रुंद लेन्सने त्या विरळ होतात. बहुसंख्य लोक रुंद लेन्स लावतात आणि मग बोगदा पोकळ का दिसतो, असे विचारतात.

बोगद्यात उजेड कमी असतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, ८०० ते १६०० पर्यंत न्यावा आणि शटर सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा मंद करू नये. केशरी रंगाचा तपशील सहज जळतो, म्हणून एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) अर्धा ते दोनतृतीयांश स्टॉप (उजेड मोजण्याचे माप) कमी ठेवावे आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल रंगाची वेगळी रेघ पाहावी.

यानंतर वर चढावे. गर्दीचा मोठा भाग सेनबोन तोरीपासूनच परततो. योत्सुत्सुजी हा चौक पायथ्यापासून साधारण अर्ध्या ते पाऊण तासाच्या चढणीवर असून तिथून शहराचा विस्तार दिसतो. दृश्य पश्चिमेकडचे असल्याने सकाळी ऊन आपल्या पाठीशी असते आणि शहर स्वच्छ उजळते. इनारी डोंगराची उंची २३३ मीटर आहे. संपूर्ण फेरीला दोन ते तीन तास लागतात. शिखरावरून मोकळे दृश्य नाही. केवळ चित्रांसाठी आलेल्या माणसाने योत्सुत्सुजीवरून परतावे.

तपासणी : खाली उतरण्यापूर्वी कमानींची चित्रे मोठी करून पाहावीत. हात हलल्याची चूक छोट्या पडद्यावर दिसत नाही.

## टप्पा ५ : हिगाशियामा, दुसरी पहाट किंवा उतरती दुपार

कियोमिझुदेरा सकाळी सहाला उघडते. क्योतोतील मोठ्या मंदिरांत इतक्या लवकर उघडणारी मंदिरे थोडीच आहेत आणि हा लाभ सोडू नये. पहाटे बसवर विसंबण्यापेक्षा टॅक्सी घ्यावी किंवा केइहान मार्गावरील कियोमिझु-गोजो स्थानकावरून सुमारे पंचवीस मिनिटे चालत चढावे. डिसेंबर-जानेवारीत मात्र सहाला अंधार असतो. तेव्हा साडेसहानंतर पोहोचणे पुरेसे आहे.

प्रसिद्ध लाकडी सज्जा दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे. त्याच्यावर उभे राहून त्याचे चित्र मिळत नाही, तरी लोक तिथेच सर्वाधिक वेळ घालवतात. सज्जा ओलांडून पुढील ओकुनोइन मंडपाजवळ जावे. तिथून सज्जा, त्याखालचे उंच खांब आणि पलीकडे शहर एका चौकटीत बसते. सकाळी सूर्य आपल्या मागच्या बाजूने येतो आणि लाकडाचा पोत उमटतो. संध्याकाळी तोच सूर्य समोर असतो, त्यामुळे देऊळ काळे होते आणि आकाश रंगते. संध्याकाळीच जाणार असाल तर देवळाचा तपशील मिळवण्याचा हट्ट सोडून आकाशाला एक्स्पोजर लावावे आणि छायाकृती घ्यावी. त्यानंतर वाटेने कोयासू मनोऱ्याकडे जावे, जिथून संपूर्ण मुख्य मंदिर झाडीत उभे दिसते. मेपलच्या दिवसांत हीच चौकट मला सर्वांत भरीव वाटते.

साडेसात ते आठच्या दरम्यान सान्नेनझाका आणि निनेनझाका या गल्ल्यांतून खाली उतरावे. दुकाने नऊ-दहानंतर उघडतात, तोवर दगडी पायऱ्या जवळजवळ मोकळ्या असतात. पुढे ४६ मीटर उंचीचा यासाका पॅगोडा लागतो. त्याची गल्ली पूर्व-पश्चिम अशी उतरते. सकाळी वरच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूने चित्र घ्यावे, कारण ऊन त्याच बाजूने पॅगोडावर पडते. दुपारनंतर खालच्या, पश्चिमेच्या बाजूने घ्यावे. हा रहदारीचा रस्ता आहे, म्हणून मधोमध थांबू नये.

किमोनो भाड्याने घेऊन छायाचित्रे काढायची असतील तर एक निवड करावी लागते. ही दुकाने साधारण नऊ-दहाला उघडतात, त्यामुळे रिकामी गल्ली आणि किमोनो ही दोन्ही एकाच सकाळी बहुधा जमत नाहीत. एक पहाट गल्लीसाठी आणि एक दुपार किमोनोसाठी ठेवावी. किमोनोची डावी बाजू उजव्या बाजूवर आली आहे का, हे चित्रापूर्वी पाहावे. उलटी पद्धत मृतदेहासाठी असते. फोनचा पुढचा कॅमेरा प्रतिमा उलटी साठवत असेल तर योग्य नेसलेला किमोनोही चुकीचा दिसतो, म्हणून ती सोय आधीच बंद करावी.

वेळ उरल्यास उत्तरेकडे नान्झेनजी मंदिराच्या आवारातील विटांच्या कमानींचा जलसेतू घ्यावा. त्या कमानींत दुपारचा उजेडही चालतो, हा त्याचा मोठा गुण. तिथून पुढे ‘तत्त्वज्ञाची वाट’ नावाच्या कालव्याकाठच्या रस्त्यावरून सुमारे दोन किलोमीटर चालत गिन्काकुजी मंदिर गाठता येते.

## टप्पा ६ : आराशियामा, केवळ सकाळ

क्योतो स्थानकावरून जेआर सागानो मार्गाने सागा-आराशियामा स्थानक साधारण पंधरा-वीस मिनिटांवर आहे. सात वाजण्यापूर्वी बांबूच्या वनात पोहोचावे आणि पुढील क्रम मोडू नये : प्रथम बांबू, मग तोगेत्सुक्यो पूल, नंतर तेन्र्युजी मंदिराची बाग.

बांबूच्या वाटेवर कडक ऊन शत्रूसारखे वागते. सूर्य वर आला की जमिनीवर पांढरे कवडसे पडतात आणि उरलेले सर्व काळे होते. ढगाळ किंवा पावसाळी सकाळ सर्वोत्तम. व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारी सोय) आपोआपवर ठेवल्यास कॅमेरा हिरवा रंग फिका करतो, म्हणून तो ढगाळ हवेच्या खुणेवर निश्चित करावा. कॅमेरा उभा धरावा, आकाशाचा तुकडा शक्य तितका कमी घ्यावा आणि वाटेचे वळण चौकटीत खाली ठेवावे.

सावधान : बांबूवर नावे कोरल्याने तिथे खरोखर नुकसान झाले आहे. बुंध्याला हात लावू नये, कुंपणावर टेकू नये आणि सामान त्याला टांगू नये.

तोगेत्सुक्यो पुलावर चढण्याऐवजी प्रवाहाच्या खालच्या बाजूस, पूर्वेकडील काठावर उभे राहावे. सकाळचे ऊन पाठीमागून येऊन पूल आणि त्यामागचा डोंगर दोन्ही उजळते. तेन्र्युजीची बाग साडेआठला उघडते. तिथे तळे आणि मागचा डोंगर एकत्र बसवणारी रुंद चौकट घ्यावी. दहानंतर परिसर भरून जातो, तेव्हा उत्तरेकडे गिओजी मंदिराच्या शेवाळाच्या छोट्या बागेकडे चालत जावे. पाऊस पडून गेला असेल तर ही बाग चुकवू नये.

## टप्पा ७ : किन्काकुजी आणि र्‍योआनजी

मार्च ते नोव्हेंबर या काळात र्‍योआनजी आठला आणि किन्काकुजी नऊला उघडते, आणि दोहोंमध्ये सुमारे वीस मिनिटांची पायवाट आहे. प्रथम र्‍योआनजी घ्यावे. बागेतील पंधरा दगड एकाच जागेवरून सर्व दिसत नाहीत, त्यामुळे सर्व दगड एका चौकटीत कोंबण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. दोन-तीन दगड, रेतीच्या रेघा आणि मागची मातीची भिंत एवढेच घ्यावे.

किन्काकुजीत शिरल्यावर तळ्याकाठची पहिली जागा हीच मुख्य जागा होय. मंडप उत्तरेस आणि आपण दक्षिणेस असल्याने दिवसभर प्रकाश साधारण मागून येतो. वारा पडेपर्यंत थांबावे, तरच प्रतिबिंब अखंड मिळते. सोन्याचा वर्ख उन्हात जळून पांढरा होतो, म्हणून एक्स्पोजर दोनतृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे. वाट एकाच दिशेची असून मागे परतता येत नाही, त्यामुळे पुढे सरकण्यापूर्वी चित्रे तपासावीत.

जवळ रेल्वे स्थानक नाही. क्योतो स्थानकावरून थेट बस मिळते, पण ती गच्च भरते. कारासुमा भुयारी मार्गाने किताओजीपर्यंत जाऊन तिथून बस पकडल्यास वेळ वाचतो. मोठी बॅग बसमध्ये नेऊ नये. शहर बसमध्ये मागून चढून पुढून उतरतात आणि भाडे उतरताना देतात. केवळ बससाठीचा जुना एक दिवसाचा पास आता बंद झाला असून भुयारी रेल्वे आणि बस यांचा एकत्रित पास मिळतो. जुन्या लेखांवर विसंबून हिशेब करू नये.

## टप्पा ८ : संध्याकाळ

सूर्यास्तानंतरची वीस ते तीस मिनिटे आकाश गडद निळे असते आणि दिवे लागलेले असतात. तेवढ्याच वेळासाठी एक जागा ठरवावी, दोन नव्हे. शिराकावा ओढ्यावरील तात्सुमी पूल त्यासाठी योग्य आहे. कामो नदीवर मे ते सप्टेंबर या काळात उपाहारगृहांचे लाकडी मंच मांडलेले असतात, तेव्हा शिजो पुलावरून त्यांच्या दिव्यांची रांग मिळते.

सावधान : गिऑनमधील खाजगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांसाठी बंद आहेत आणि तिथल्या फलकांवर १०,००० येन दंडाचा उल्लेख आहे. हानामिकोजी हा मुख्य रस्ता खुला आहे, त्याला फुटणाऱ्या गल्ल्या नव्हेत. गेइको (क्योतोतील गेइशा) किंवा माइको (शिकाऊ गेइशा) दिसल्यास त्यांच्या मागे धावणे, वाट अडवणे किंवा फ्लॅश मारणे पूर्णपणे वर्ज्य समजावे. त्या कामावर निघालेल्या स्त्रिया आहेत, आणि प्रवाशांच्या अशाच वागण्यामुळे या गल्ल्या बंद कराव्या लागल्या.

## टप्पा ९ : रात्रीची तपासणी आणि दिवसांची अदलाबदल

खोलीवर परतल्यावर चित्रांची दुसरी प्रत काढावी, बॅटऱ्या चार्जिंगला लावाव्यात आणि दुसऱ्या दिवसाचा हवामान अंदाज पाहावा. पाऊस असेल तर त्या दिवशी आराशियामा घ्यावे, स्वच्छ ऊन असेल तर कियोमिझुदेरा आणि योत्सुत्सुजी घ्यावेत. हिवाळ्यात रात्री बर्फ पडला तर बाकी सर्व आखणी बाजूला ठेवून उघडण्याच्या वेळी किन्काकुजी गाठावे. दाराशी रांगेत उभे राहणे योग्य ठरते ते याच एका दिवशी, कारण छपरावरचा बर्फ अनेकदा दुपारपूर्वीच वितळतो.